दात जर्मनीत दाखवायचे की पुण्याला जाईपर्यंत थांबायचं?

माझा मावसभाऊ मार्चमध्ये श्टुटगार्टला येतोय नोकरीला. परवा फोनवर घरभाडं, किराणा सगळं विचारून झालं आणि शेवटी हळूच म्हणाला, दादा तिकडे दाताचं लय महाग असतं ना, मग मी आपला दिवाळीला आलो की इथेच दाखवत जाईन. हेच वाक्य मी पण ९ वर्षांपूर्वी बोललो होतो, आणि माझ्या ओळखीतला जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस इथे आल्यावर पहिली २-३ वर्षं हेच करतो. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू, दोन्हीकडचं, खर्च धरून आणि डोकेदुखी धरून.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. "दाताचं काम" असं एक काम नसतं. तपासणी आणि साफसफाई वेगळी, सिमेंट भरणं वेगळं, हिरड्यांचं वेगळं, रूट कॅनाल आणि कॅप वेगळी, इम्प्लांट तर पूर्णच वेगळं प्रकरण. यातल्या काही कामांसाठी पुण्यापर्यंत थांबणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे आणि काहींसाठी थांबणं खरंच परवडतं.

तपासणीपासून सुरू करतो. तुम्ही सरकारी पद्धतीच्या क्रांकेनकासेमध्ये असाल, म्हणजे पगारातून कापला जातो तो आरोग्य विमा, तर वर्षातून दोनदा दाताची तपासणी फुकट आहे. फुकट म्हणजे कार्ड द्यायचं आणि खुर्चीत बसायचं, बिल घरी येत नाही. दातावरचं किटण काढणं कॅलेंडर वर्षातून एकदा तेही त्यातच. हिरड्यांची मोजणी दर २ वर्षांनी. आता पुण्यात तपासणीचे किती घेतात, दोनशे-तीनशे-पाचशे, म्हणजे स्वस्तच, पण इथे ज्याचे पैसे दर महिन्याला आधीच कापले गेलेत ते न वापरता तिकडे पाचशे देणं ही बचत कशी हे मला कोणीतरी समजावून सांगा.

आणि खरी गंमत त्या फुकट तपासणीत नाहीये, शिक्क्यात आहे. इथे बोनुसहेफ्ट नावाची छोटी पुस्तिका मिळते, आपल्या जुन्या रेशनकार्डाची आठवण येते तिला बघून, आता ती ॲपमध्ये पण होते. मोठ्या माणसाने वर्षातून एकदा तपासणी केली की एक शिक्का. पुढे कधी कॅप किंवा ब्रिज बसवायची वेळ आली की साध्या ठरलेल्या उपचाराच्या खर्चातला ६० टक्के वाटा कासे, म्हणजे तीच क्रांकेनकासे, देते, लागोपाठ ५ वर्षांचे शिक्के असतील तर ७० टक्के, १० वर्षांचे असतील तर ७५. ऑक्टोबर २०२० पासून हे आकडे आहेत. मी पहिली ३ वर्षं "पुण्यात दाखवतो ना" करत घालवली आणि पुण्यातल्या तपासणीचा शिक्का अर्थातच इथे चालत नाही. चौथ्या वर्षी कॅप लागली तेव्हा समजलं.

इथे एक फसगत होते ती सांगतो. ६० टक्के म्हणजे तुमच्या बिलाचे ६० टक्के नव्हे. कासेने प्रत्येक प्रकारच्या बिघाडाला एक साधा उपचार ठरवलाय, त्याच्या किमतीचे ६० टक्के. मागच्या दाढेला ठरलेली कॅप म्हणजे धातूची, चकचकीत. दातासारखा रंग हवा तर मधून मोजत वरच्या जबड्यात पाचव्या दातापर्यंत आणि खालच्यात चौथ्यापर्यंत तो ठरलेल्या उपचारात धरतात, त्याच्या मागे तुमची हौस. मला सिरॅमिक हवी होती, कासेने तिचा ठराविक वाटा दिला आणि माझ्या खिशातून जवळपास साडेपाचशे युरो गेले. युरो शंभराच्या आसपास धरा आणि करा हिशोब. काम सुरू व्हायच्या आधी हाइल उंड कोस्टेनप्लान म्हणून खर्चाचा कागद बनतो, तो कासे मंजूर करते, तुम्ही सही करता, मग हत्यार हातात घेतात. हे मला आवडतं बुवा. आपल्याकडे खुर्चीत तोंड उघडं असताना "सर झिर्कोनिया घेऊया ना, दहा वर्षं बघायला नको" असं विचारतात आणि आपण तोंडात कापूस असल्याने फक्त आं आं करू शकतो.

साफसफाई, म्हणजे ती मोठी, पॉलिश वगैरे करून पाऊण तासाची, जिला इथे त्सानराइनिगुंग म्हणतात, ती मात्र साधारणपणे स्वतःच्या पैशाने. मी मागच्या वेळी ९५ युरो दिले. बऱ्याच कासे त्यातले थोडे परत देतात, ते आपापल्या कासेच्या ॲपमध्ये बघा. पुण्यात हेच हजार-दीड हजारात होतं, २०-२५ मिनिटांत होतं आणि खरं सांगू, चांगलं होतं. सुट्टीत गेलात की हे एक काम तिकडे बिनधास्त करा, यात बिघडण्यासारखं काही नाही. मी एक जर्मनीत, एक पुण्यात असं करतो.

सिमेंट भरणं इथेच करा. २०२५ च्या १ जानेवारीपासून युरोपियन युनियनमध्ये दातात चांदी भरणं जवळपास बंद झालंय, म्हणजे पूर्वी मागच्या दाढेला फुकटात चांदी आणि पांढरं हवं तर वरचे पैसे असा जो प्रकार होता तो गेला. आता साधं दातासारख्या रंगाचं सिमेंट कासेच्या खर्चात मिळतं. थरांवर थर देऊन भरायचं चांगल्यातलं कंपोझिट हवं तर फरक भरायचा, माझे एका दाढेचे ७० युरो वर गेले. आणि हे लक्षात ठेवा की कीड दिवाळीची वाट बघत नाही. जूनमध्ये ७० युरो वाचवलेली दाढ नोव्हेंबरात रूट कॅनालला येते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात ते इथे अगदी शब्दशः लागू आहे.

आता रूट कॅनाल आणि कॅप. खरा प्रश्न इथेच आहे, कारण फरक इथेच मोठा दिसतो. इथे रूट कॅनाल कासे देते पण मागच्या दाढांना अटी आहेत, म्हणजे ती दाढ वाचवल्याने दातांची रांग अखंड राहत असेल किंवा एका बाजूला रांग आखूड होण्यापासून वाचत असेल वगैरे, नाहीतर तुम्ही आणि तुमचा खिसा. शिवाय मशीनने मुळाची लांबी मोजणे, मायक्रोस्कोप, असल्या गोष्टींचे वेगळे पैसे लावतात. पुण्यात माझ्या दाढेचं रूट कॅनाल आणि कॅप मिळून १४ हजारांत झालं होतं, त्यात तीन वेळा चहा विचारला आणि रात्री ९ ची अपॉइंटमेंट मिळाली. जर्मनीत रात्री ९ ला दाताचा डॉक्टर म्हणजे फक्त इमर्जन्सीवाला. साध्या टर्मिनसाठी, म्हणजे अपॉइंटमेंटसाठी, मला एकदा ७ आठवडे थांबायला लागलंय आणि एक टर्मिन विसरलो तर न आल्याचे ५५ युरो लावले होते. त्यामुळे पुणे स्वस्त आहे, पुणे सोयीचं आहे, माणसं आपली आहेत, मराठीत "इथे ठणकतंय, गार लागलं की कळ मस्तकात जाते" असं सांगता येतं, हे सगळं शंभर टक्के खरं.

पण मग माझं काय झालं ते ऐका. सुट्टी १७ दिवसांची, त्यात एक लग्न, एक मुंज, सासरी २ दिवस, कोकणात ३. रूट कॅनालच्या सिटिंगमध्ये गॅप लागतो, कॅप लॅबमधून यायला आठवडा. झालं असं की कॅप बसली फ्लाइटच्या आदल्या संध्याकाळी. तोंड बधिर, चावून बघा म्हणाले, मी म्हटलं ठीक वाटतंय, बधिर तोंडाला काय कळणार डोंबल. विमानात बधिरपणा उतरला आणि कळलं कॅप केसभर उंच आहे, दात मिटले की आधी तीच लागते. पुढचे ३ आठवडे मी एका बाजूने जेवलो. शेवटी इथल्या डॉक्टरीणबाईंनी निळा कागद दातांमध्ये ठेवला, टक टक चावायला लावलं, कॅपवर एक निळा ठिपका उमटला तेवढाच घासला, ४ मिनिटांचं काम. मग त्यांनी विचारलं कॅप कशाची आहे, मुळात काय भरलंय, आधीचा एक्सरे कुठाय. माझ्याकडे फक्त बिल होतं, तेही "डेंटल ट्रीटमेंट" एवढंच लिहिलेलं.

पुण्यातल्या डॉक्टरांचा हात वाईट नव्हता, त्यांच्याकडे दिवस नव्हते, कारण मी दिले नव्हते. आणि मागे फिरून जायला ६-७ हजार किलोमीटर. इथे कायद्याने भरलेल्या सिमेंटवर आणि कॅप-ब्रिजवर डॉक्टरला २ वर्षांची जबाबदारी घ्यावी लागते, निघालं तर त्याच प्राक्सिसमध्ये, म्हणजे दवाखान्यात, जाऊन उभं राहायचं. पुण्याचे डॉक्टर पण कॅपचं वॉरंटी कार्ड देतात, पण ते वापरायला तिकीट काढावं लागतं. आणि पुण्याचं बिल क्रांकेनकासेला लावू असं कोणी म्हणत असेल तर नाही होत ते. युरोपियन युनियनमधल्या देशात केलेलं काम कासे आपल्या दरापर्यंत देते, कॅप-ब्रिज असेल तर आधी मंजुरी घेऊन, म्हणून तर जर्मन लोक दातासाठी हंगेरीला जातात. भारत त्यात नाही.

तर माझा नियम असा झालाय: सलग ३ आठवडे पुण्यात असाल, पहिल्या २ दिवसांत खुर्चीत बसणार असाल, आणि शेवटचे ५ दिवस नुसतं चावून बघायला मोकळे असतील, तर रूट कॅनाल-कॅप तिकडे करा, चांगले पैसे वाचतात. नाहीतर नको. दात काढायचा असेल तर निघायच्या आधीच्या ३-४ दिवसांत तर अजिबात नको, कारण जखमेतली गुठळी निघून हाड उघडं पडायचा जो भयंकर ठणका असतो तो नेमका त्याच दिवसांत येतो. आणि दुखती दाढ तशीच घेऊन विमानात बसू नका, आत हवा किंवा सूज असेल तर वर गेल्यावर दाब बदलतो आणि दाढ अशी काही बोलते की बस.

इम्प्लांटचं थोडक्यात. कासे इम्प्लांटचे जवळजवळ कधीच देत नाही, फक्त हाडातल्या स्क्रूवर बसणाऱ्या दाताचा ठरलेला वाटा. पुण्यात निम्म्याहून कमी पैशात होतं. पण स्क्रू हाडात मुरायला ३ ते ६ महिने लागतात म्हणजे २ ट्रिप पक्क्या. दरवर्षी दोनदा जाणाऱ्यांनी करावं, कंपनी आणि साइज लिहिलेलं कार्ड मागून घ्यावं.

हिरड्यांचा आजार असेल तर दुसरा विचारच करू नका, इथेच. जुलै २०२१ पासून कासे हिरड्यांची ट्रीटमेंट आणि त्यानंतर साधारण २ वर्षं ठराविक अंतराने होणारी देखभाल दोन्ही देते. हे काम महिनोन्महिने चालतं, सुट्टीत बसत नाही.

वरचा विमा, दातांसाठीचा वेगळा, घ्यावा का हे सगळे विचारतात. घ्यायचा तर दात चांगले असताना घ्या. डॉक्टरने एकदा फाइलमध्ये "या दाढेला कॅप लागेल" लिहिलं की त्या दाढेचे पैसे नंतर घेतलेला विमा देत नाही, आणि पहिली काही वर्षं वर्षाकाठी मर्यादा असते. जे लोक प्रायव्हेट विम्यात आहेत त्यांचं गणित वेगळं, त्यांनी आधी भरायचं आणि मग मागायचं, आणि नव्याने येणाऱ्यांसाठीच्या स्वस्त पॉलिसींमध्ये दाताचं फक्त दुखणं थांबवण्यापुरतं असतं, ते बारीक अक्षरात वाचा.

मुलांचं सगळं इथेच, त्यात तुलना करण्यासारखं काही नाही. आणि आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर येणार असतील तर उलटं करा, त्यांना निघायच्या २ महिने आधी तिकडे दाखवून घ्या, कारण प्रवास विम्यात दाताचं फक्त तातडीचं दुखणं असतं. माझ्या सासऱ्यांची कवळी इथे तुटली होती, ते दिवस आठवायला नको.

एक छोटी युक्ती. इथे पहिल्या तपासणीत डॉक्टर असिस्टंटला भराभर आकडे सांगतात, आइन्स आख्ट, आइन्स झीबन, ओ बे, ओ बे, आणि मध्येच एखादं "त्से" आलं की समजायचं कीड आहे. ओ बे म्हणजे काही नाही, ठीक. हे दातांचे दोन आकडी नंबर आपल्याकडचे बहुतेक डॉक्टरही तसेच लिहितात, पहिला आकडा जबड्याचा कोपरा आणि दुसरा दात. म्हणून पुण्याच्या डॉक्टरांकडून एका कागदावर एवढंच लिहून घ्या: कुठल्या नंबरच्या दाताचं काय केलं, कधी, कॅप कशाची. आणि एक्सरे मोबाइलवर. जर्मन येत नसलं तरी त्या कागदावर काम भागतं.

तर मावसभावाला मी सांगितलं की तू अजून पुण्यातच आहेस, तुझ्याकडे आत्ता भरपूर दिवस आहेत, दिवाळीला नसतील. काही दुखत नाहीये म्हणाला. म्हटलं तरी जा. शुक्रवारी व्हॉट्सॲपवर त्याच्या ओपीजीचा, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्सरेचा, फोटो आला, ३६ नंबरच्या दाढेला डॉक्टरांनी पेनाने गोल केलेला, आणि खाली लिहिलं होतं, तीन सिटिंग सांगितल्यात दादा, व्हिसाला अजून ५ आठवडे आहेत.