फॉर्स्टर को-ॲक्स प्रेस: चांगलाच आहे, पण आधी वजनकाटा घ्या

टेक्सासात रेंजवर भेटणारा प्रत्येक नवा भिडू मला एकच विचारतो, ‘.३०८ रायफलची काडतुसं घरी भरायचीत, प्रेस कुठला घेऊ?’ प्रेस म्हणजे वापरलेली केस (काडतुसाचं पितळी कवच) डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून पुन्हा आकारात आणणारं आणि तिच्यात गोळी बसवणारं हातयंत्र. माझ्या बाकावर फॉर्स्टरचा को-ॲक्स आहे. इलिनॉयमधल्या लॅनार्क गावची कंपनी. ली किंवा आरसीबीएस या कंपन्यांच्या साध्या प्रेसपुढे किंमत डोळ्यांत भरते.

मी मुळात पिंपरीच्या टूलरूममध्ये घासलेला माणूस, त्यामुळे याची रचना बघताक्षणीच पटली. नेहमीच्या प्रेसमध्ये डाय आट्यांत घट्ट पिळलेली असते. इथे डायची लॉक रिंग नुसती खाचेत सरकवायची. डायला थोडी हालायला जागा, खाली केसची कड पकडणाऱ्या जबड्यांनाही तशीच. दोघं आपापसांत मध्य जुळवून घेतात. डाय बदलायला क्षण पुरतो. प्रत्येक कॅलिबरला वेगळा शेलहोल्डर (केस धरणारा तुकडा) लागत नाही, फार तर जबड्याच्या पट्ट्या उलटवायच्या. जळका प्राइमर (केसच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) नळीतून थेट खालच्या बाटलीत, म्हणजे काजळी गाईड रॉडवर येत नाही. वापरलेल्या केस साफ करणाऱ्यालाच याची किंमत कळेल! प्राइमर बसवायची सोयही आहे, प्रेसच्या माथ्यावर. मी मात्र ते काम हातातल्या टूलनेच करतो, बोटांना अंदाज येतो.

पण गोळी-गोळीत सारखेपणा हवा असेल, तर प्रेस हा शेवटचा खर्च. पैसे मोजकेच असतील तर आरसीबीएसचा रॉक चकर प्रेस घ्या आणि उरलेले डाय आणि काट्यावर घाला. रेडिंग कंपनीच्या बुशिंग डायमध्ये बुशिंग (मान दाबणारी बदलती कडी) एकेक थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) फरकाने मिळतात, म्हणजे केसच्या मानेची पकड आपल्या हातात राहते. केसचा खांदा (मानेखालचा उतार) दाबून किती मागे गेला ते कॅलिपरला कंपॅरेटर (मापाची जोडणी) लावून मोजा. बोल्ट रायफलला दोन थाऊ पुरे. नजरेने ठरवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

आता पावडर तोलायचा काटा. ती ग्रेनमध्ये मोजतात; एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याच्या आसपास. जुना दांडीचा काटा ०.१ ग्रेनपर्यंत दाखवतो, आणि शंभर यार्डांवर तेवढं भरपूर झालं. हजार यार्डांवर मात्र वेगातला फरक कागदावर सरळ वर-खाली उमटतो. तिथे ए अँड डी कंपनीचा एफएक्स-१२०आय काटा कामाला येतो: ०.०२ ग्रेनपर्यंत दाखवतो, आणि स्वस्त इलेक्ट्रॉनिक काट्यांसारखा भरकटत नाही. तरी एसीच्या झोतात ठेवू नका, आणि चालू केल्यावर थोडा तापू द्या. बार (पावडर) किती भरायचा हे मात्र पावडर कंपनीच्या छापील तक्त्यावरूनच. मित्राने सांगितलेला आकडा कानाआड करा.

(गावाकडून विचारणाऱ्यांसाठी: भारतात काडतूस बनवायला शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतो. हा तिकडे करायचा छंद नव्हे.)

को-ॲक्स घेतलातच, तर फॉर्स्टरच्याच लॉक रिंग सोबत मागवा. लीच्या रिंग त्या खाचेत चालत नाहीत. आणि उंच मायक्रोमीटर सीटिंग डाय (गोळी बसवायची) वापरणार असाल तर ती हँडलच्या दुबेळक्याला अडते का, ते ऑर्डर देण्याआधी दुकानदाराला विचारा.