मीटरवर दोन लाख किलोमीटर: जास्त पळालेल्या स्पोर्ट्स कारचा वापरानंतरचा अनुभव

जास्त पळालेली स्पोर्ट्स कार घ्यावी का, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण मीटरकडे बघून देतात. लाखाच्या आत असेल तर बघू, दीड लाख म्हणजे विचार करावा लागेल, दोन लाख म्हणजे विषयच सोडा. मी दोन लाखांच्या वर पळालेली गाडी घेतली. उकाड्यात, पावसात, कडाक्याच्या थंडीत, रोजच्या रस्त्यांवर आणि घाटवळणांवर ती भरपूर चालवली. इतक्या महिन्यांनी माझं मत ठाम झालं आहे: गाडीबद्दल सगळ्यात कमी माहिती देणारा आकडा म्हणजे किलोमीटर. गाडीचं वय, ती किती काळ नुसती उभी होती आणि तिच्या सर्व्हिसचे कागद, या तीन गोष्टी बघून निर्णय घ्यावा.

आधी गाडीबद्दल. दोन सीटची, छप्पर उघडणारी, पुढे चार सिलिंडरचं टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन, ताकद मागच्या चाकांना, सहा गिअर आणि तेही हाताने टाकायचे. वय पंधरा वर्षांच्या पुढे. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम सांगत नाही, कारण नाव घेतलं की चर्चा त्या मॉडेलवर जाते आणि किलोमीटरचा मुद्दा बाजूला पडतो. आधीच्या मालकाने ती बराच काळ स्वतःच वापरली होती, मुख्यतः हायवेने लांबच्या कामावर जायला. प्रत्येक सर्व्हिसची पावती तारीख आणि मीटर रीडिंगसह फाइलला लावलेली होती. ती फाइल हातात पडली तेव्हाच माझा अर्धा निर्णय झाला होता.

हायवेचे किलोमीटर हलके का, ते एका साध्या हिशोबाने कळतं. सरासरी ताशी ८० च्या वेगाने दोन लाख किलोमीटर झाले असतील तर इंजिन २,५०० तास चाललं. तेच दोन लाख शहरात ताशी २५ च्या सरासरीने झाले असतील तर ८,००० तास. मीटर दोन्ही गाड्यांचा सारखाच, पण एकीचं इंजिन तिप्पटीहून जास्त चाललेलं. शिवाय हायवेवर क्लच क्वचित दाबला जातो, ब्रेक क्वचित लागतात, आणि मुख्य म्हणजे ऑइल नीट तापतं. थंड इंजिन सुरू होताना आत थोडं पाणी जमतं, थोडं न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. लांबच्या प्रवासात दोन्ही उडून जातात. पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत ते आतच राहतं आणि ऑइल खराब करतं.

नीट निगा राखली तर गाडी किती जाऊ शकते याचं टोकाचं उदाहरण अर्व्ह गॉर्डन यांचं. त्यांनी १९६६ ची व्होल्वो पी१८००एस ही स्पोर्ट्स कूपे नवी घेतली आणि २०१३ मध्ये तिने ३० लाख मैलांचा टप्पा ओलांडला. म्हणजे ४८ लाख किलोमीटर. गिनीज बुकात नोंद असलेली ही गाडी काही जपून झाकून ठेवलेली नव्हती, ते ती रोज वापरत होते.

उलट बाजूही सांगते, कारण गाडी शोधताना कमी किलोमीटरच्याही बऱ्याच गाड्या मी बघितल्या. वय तेवढंच, मीटर चाळीस हजारांच्या आसपास, रंग चकचकीत, किंमत कितीतरी जास्त. लिफ्टवर चढवून खालून बघितल्या की वेगळंच दिसायचं. डिस्क गंजलेल्या, ऑइल सील सुकून पाझरणारे, रबराच्या पाइपांना भेगा, टायरची नक्षी शाबूत पण रबर दगडासारखं. टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते, तिच्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. २३१२ लिहिलेलं असेल तर तो टायर २०१२ च्या तेविसाव्या आठवड्यातला. असा टायर असलेली, मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी ओल्या रस्त्यावर जोरात नेणं हा सरळ जिवाशी खेळ आहे, मग तिचं मीटर कितीही कमी असो. ब्रेक फ्लुइडचंही तेच, ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू ताजं असताना निदान २३० अंश असावा लागतो. ओलावा शोषलेल्या अवस्थेतली मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना ब्रेक तापून फ्लुइड उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम मऊ पडतं ते यामुळेच. गाडी चालो न चालो, दोन वर्षांनी ते बदलायलाच हवं. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा, त्यालाही किलोमीटरबरोबर वर्षांची मर्यादा असते. फेरारी एफ३५५ मध्ये तर बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, आणि गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवली म्हणून ते काम टळत नाही.

आता वापराबद्दल. सुरुवातीच्या दिवसांत गाडी मला जरा सैल वाटली. जोरात ब्रेक दाबला की मागची बाजू किंचित सरकायची, स्टीअरिंग मध्यभागी नेमकं बोलत नव्हतं, खड्ड्यातून गेलं की दोनदा हेलकावा. इंजिन मात्र तरतरीत. जास्त पळालेली गाडी एकदा चालवून ‘थकली आहे’ म्हणून सोडून देणारे लोक या टप्प्यावरच सोडतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. इथे थकलेलं असतं ते रबर. सस्पेन्शनच्या हातांना जिथे जोड असतात तिथे रबराचे बुश बसवलेले असतात. वयाने ते कडक होतात, फाटतात, आणि चाक ज्या कोनात राहायला हवं त्या कोनात राहत नाही. शॉकअब्सॉर्बर तर इतके हळूहळू मरतात की रोज चालवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. मी चारही शॉकअब्सॉर्बर, सगळे बुश, इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट एकदमच बदलून घेतले आणि मग चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. खर्च खरेदीच्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका झाला. त्यानंतर तीच गाडी वळणावर अशी बसायला लागली की चाकाखालचा रस्ता हाताच्या तळव्यांना कळतो. ब्रेक दाबून वळणात शिरावं, मधोमध हलकं ॲक्सिलरेटर द्यावं, मागची बाजू बोट धरल्यासारखी मागोमाग येते. या गाडीसाठी एकच काम करायचं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. ताकद वाढवणारी सगळी कामं याच्यानंतर.

दुसरं मोठं काम कूलिंगचं केलं. या वयात रेडिएटरची प्लास्टिकची टाकी, एक्स्पान्शन टँक, होज, थर्मोस्टॅट, वॉटर पंप हे सगळं एकाच सुमाराला संपतं. एक होज शिवणीपाशी ओली दिसली तेव्हा ती एकटी न बदलता पूर्ण सिस्टीमच नवी करून घेतली. इंजिनाच्या वरचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर हेड एकदा जरी प्रमाणाबाहेर तापलं तरी वाकू शकतं, आणि मग हेडगॅस्केट (हेडखालची सीलची पट्टी) बदलणं, हेड सपाट करून घेणं, असा मोठा खर्च मागे लागतो. सुटा एकेक पार्ट बदलत बसण्यात मला कधीच अर्थ वाटला नाही, कारण मजुरी प्रत्येक वेळी पुन्हा मोजावी लागते.

इंजिन थोडं ऑइल खातं. सात हजार आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) फिरणाऱ्या आणि एवढ्या चाललेल्या इंजिनाने थोडं ऑइल खाल्लं तर मला त्यात काळजीचं काही दिसत नाही. पेट्रोल भरताना एकाआड एक वेळी डिपस्टिक बघते, डिकीत ऑइलचा डबा असतो. ऑइल बदलताना त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतला. त्यात लोखंड, तांबं, शिसं किती आहे त्यावरून आत काय झिजतंय ते कळतं. शिसं आणि तांबं वाढलं तर बेअरिंगकडे बोट जातं, सोडियम आणि पोटॅशियम दिसलं तर कूलंट ऑइलमध्ये शिरत असण्याची शंका घ्यावी. माझा अहवाल शांत आहे. खर्च किरकोळ आणि मनाला स्वस्थता मोठी, जरूर करा.

बारीक त्रास झालेच. खिडकीचं रेग्युलेटर गेलं, एक ऑक्सिजन सेन्सर गेला, छपराचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबून पायाखालचं कार्पेट भिजलं. आतले काही प्लास्टिकचे तुकडे आता बनतच नाहीत, जुन्या गाड्यांतून काढलेले शोधावे लागतात. काही पार्ट यायला आठवडे लागले. म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते: घरात हीच एकमेव गाडी असेल आणि रोज सकाळी तिच्यावाचून चालणार नसेल, तर घेऊ नका. विम्याचंही बघा. गाडीची धरलेली किंमत कमी असल्यामुळे मध्यम अपघातातसुद्धा दुरुस्तीचा खर्च किमतीच्या वर जातो आणि गाडी मोडीत निघते.

सगळ्याच जास्त पळालेल्या स्पोर्ट्स कार अशा निघत नाहीत, मॉडेलनुसार दुखणं बदलतं. होंडा एस२००० चं सुरुवातीचं दोन लिटरचं इंजिन ९,००० आरपीएमपर्यंत फिरतं. ते मजबूत आहे, पण चुकीचा खालचा गिअर पडून त्याच्याही वर गेलेलं असेल तर व्हॉल्व्हचे रिटेनर (व्हॉल्व्हची स्प्रिंग धरून ठेवणारे तुकडे) तपासायलाच हवेत. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये मागची सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे बॉडीला जोडली जाते तिथला पत्रा तडकतो, आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग वेळेवर बदललेली असावी लागतात. पोर्शेच्या ९९६ मालिकेतली साधी ९११ आणि पहिली बॉक्स्टर यांच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग हा सगळ्यांना माहीत असलेला धोका आहे. त्याच काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी३ मध्ये वेगळं इंजिन असल्यामुळे तो प्रश्न येत नाही. माझ्दा आरएक्स-८ चं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी गोल फिरणारा रोटर असलेलं) तर रोटरीसाठीच्या खास यंत्रावर कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबाखाली हवा किती टिकते ते, मोजल्याशिवाय कोणी घेऊच नये, रोटरच्या टोकांवरचे ॲपेक्स सील झिजलेले असतील तर इंजिन उघडण्यावाचून इलाज नाही. आणि महागड्या गाड्यांबद्दल एवढं ध्यानात असू द्या की गाडी पाचपट स्वस्त झाली तरी तिचे कार्बन-सिरॅमिक ब्रेक आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्स नव्या गाडीच्याच भावात मिळतात. तीन-चार मालक बदललेली, रीमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली), मूळ पार्ट फेकून दिलेली टर्बो गाडी मी तर पन्नास हजार किलोमीटरचीसुद्धा घेणार नाही.

घेताना मी काय बघितलं तेही लिहिते. इंजिन पूर्ण थंड असताना पोचायचं, विकणाऱ्याला आधीच सांगायचं की सुरू करून ठेवू नका. थंडपणी इंजिनातल्या टायमिंग साखळीचा खडखडाट, निळा धूर, दुसरा गिअर पडताना होणारा कर्रर्र आवाज, सगळं पहिल्या काही मिनिटांत कळतं. गरम झाल्यावर बरंच झाकलं जातं. त्यानंतर कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते बघणारी) चाचणी. कॉम्प्रेशनच्या आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का, ते मला महत्त्वाचं वाटतं. रंगाची जाडी मोजणारं यंत्र सगळ्या पत्र्यावर फिरवून बघितलं, एखाद्याच ठिकाणी आकडा दुप्पट आला तर तिथे काम झालेलं असतं. मीटर मागे फिरवलंय का ते ब्रेक पेडलचं रबर, स्टीअरिंगचं चामडं आणि सीटची बाहेरची कड सांगते, आणि त्याहून पक्कं म्हणजे पावत्यांवरचे आकडे वर्षागणिक चढत जातात का ते बघावं. चारही टायर एकाच चांगल्या कंपनीचे असतील तर मालकाने न दिसणाऱ्या गोष्टींवरही खर्च केला असण्याची शक्यता बरीच असते. गाडी घ्यायचं ठरलं की खरेदीच्या किमतीच्या निदान पाव हिश्शाइतके पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवावेत. तेवढे उरत नसतील तर एक पायरी खालची, स्वस्त गाडी घ्यावी.

या सगळ्याच्या बदल्यात मला जे मिळालं त्याचा विचार मी घेताना केलाच नव्हता. माझ्या गाडीची किंमत आधीच जेवढी उतरायची तेवढी उतरून गेली आहे. मी आणखी वीस हजार किलोमीटर घातले तरी तिच्या किमतीत फारसा फरक पडणार नाही. म्हणून मी ती मनमोकळेपणाने वापरते. भाजी आणायला नेते, पावसात नेते, जवळचा रस्ता सोडून वळणांचा लांबचा रस्ता धरते. कमी पळालेली तीच गाडी जास्त पैसे देऊन घेतलेली माणसं मला माहीत आहेत. प्रत्येक फेरीआधी ती मनात मीटरचा हिशोब करतात आणि बऱ्याचदा चावी परत ठेवून देतात. स्पोर्ट्स कार चालवण्यासाठी बनते. दोन लाखांचा आकडा बघून घाबरणाऱ्यांमुळेच मला ती परवडली.

पुढचं काम क्लचचं. पेडल आता बरंच वर आल्यावर पकडतं आणि चढावर वरच्या गिअरमध्ये जोर दिला की आरपीएम किंचित निसटतो. गिअरबॉक्स उतरेलच, तेव्हा क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील एकदमच बदलायचं ठरवलं आहे. सगळे पार्ट मागवून ठेवले आहेत, मेकॅनिकची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे.