शिक्षा भोगून आलेल्याचं मत: आपली पद्धत की फ्लोरिडाची?

निवडणूक जवळ आली की आमच्या नागपूरच्या मानेवाड्यातल्या गॅरेजात हा वाद हमखास निघतो. आत जाऊन आलेल्याला मत द्यायला द्यावं का? मी दोन्हीकडून भांडून पाहिलंय.

आपलं सरळ आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५) म्हणतं, तुरुंगात असेपर्यंत मत नाही. फाटकाबाहेर आला की आहे. निवडणुकीतल्याच काही गुन्ह्यांचा अपवाद, बस. यातही खोट आहेच: कच्च्या कैद्याला मत नाही, त्याच आरोपात जामीन मिळालेल्याला आहे.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात गंभीर गुन्ह्याची शिक्षा झाली की सुटल्यावरही मत गेलेलंच राहायचं. २०१८ मध्ये मतदारांनी सुमारे ६५ टक्के कौल देऊन ते बदललं, खून आणि लैंगिक गुन्हे वगळून. २०१९ मध्ये विधिमंडळानं पाचर मारली: शिक्षेतला दंड, फी, भरपाई आधी चुकती करा. खरं सांगतो, मला ते पटलं होतं. उधारी बुडवणारे मी रोज बघतो. लोकांचे पैसे देणं बाकी असताना हा रांगेत कसा?

मग आमचा एक पोरगा वर्धा रोडच्या जेलमधून तीन वर्षांनी सुटून आला. यादीत नावच नाही. घराला कुलूप होतं, म्हणून कोणीतरी 'स्थलांतरित' लिहून मोकळं झालेलं. पुन्हा नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज. घरमालक भाडेकरार द्यायला तयार नाही. मार्चच्या उन्हात चार चकरा, प्रत्येक चकरेला एक रोजी बुडाली. खिडकीवरच्या बाईंनी सहज विचारलं, "इतके दिवस कुठे होते भाऊ?" तो खाली बघत राहिला. परत येताना गाडीवर म्हणाला, "राहू द्या ना दादा, नाही टाकत मत."

आणि हे जिथं हक्क आपोआप परत मिळतो तिथं! फ्लोरिडात कोणाकडे किती बाकी, याची राज्यभराची एकत्र नोंदच नव्हती; आकडा ज्याचा त्यानं शोधायचा. आमचा पोरगा तिथं दुसऱ्या खिडकीवरूनच परतला असता.

ज्याच्या घरी गुन्हा घडला, त्याला माझं पटेलच असं नाही. अमेरिकेतल्याच मेन आणि व्हरमाँट राज्यांत कैदीसुद्धा मत देतात, तेवढी माझीही तयारी नाही. पण फाटकाबाहेर पुन्हा हिशेब नको, असं मला वाटतं.

१९ एप्रिल २०२४ ची लोकसभा त्याची हुकलीच. २० नोव्हेंबरच्या विधानसभेला मात्र सकाळी सातला तो माझ्या पुढे रांगेत होता.