डीबग प्रोबच्या ‘लायसन्स’साठी कोणी पैसे मागितले, तर देऊ नका

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझा लहानसा गाळा आहे. द्राक्षांच्या शीतगृहांसाठी लागणाऱ्या तापमान नियंत्रकाची कार्डे आम्ही तेथे तयार करतो. कार्डावरच्या एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या चिपमध्ये) प्रोग्राम भरायला आणि त्यातील चुका शोधायला डीबग प्रोब लागतो; याच कंपनीच्या प्रोबला एसटी-लिंक म्हणतात. हंगाम तोंडावर आलेला असताना आमचा जुना प्रोब बंद पडला आणि मी घाईघाईने एका विक्रेत्याकडून ‘ओरिजिनल एसटी-लिंक व्ही२’ म्हणून १,८५० रुपयांना नवा घेतला. पेनड्राइव्हएवढी निळी ॲल्युमिनियमची डबी होती आणि तिच्यावर कंपनीचे नाव छापलेले होते.

पहिले आठ दिवस काम सुरळीत चालले. नवव्या दिवशी संगणकावर प्रोबचे फर्मवेअर (त्याच्या आतल्या चिपमधला प्रोग्राम) जुने झाल्याची सूचना आली. मी ‘अपग्रेड’चे बटण दाबले आणि ती प्रक्रिया अर्ध्यावरच थांबली. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रोबच्या नावाऐवजी पिवळ्या त्रिकोणासह ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ असे दिसू लागले. विक्रेत्याला फोन केला, तर तो म्हणाला, “सर, तुमच्या प्रोबचं लायसन्स ॲक्टिव्हेट झालेलं नाही. आमचा इंजिनिअर ऑनलाइन करून देईल, साडेतीन हजार लागतील.” दुसऱ्या दिवशी कार्डे दिंडोरीला पोहोचवायची होती. मी यूपीआयने ३,५०० रुपये भरले.

त्या ‘इंजिनिअर’ने आधी संगणकाचा ताबा दुरून घेता येईल असे ॲप माझ्याकडून बसवून घेतले, मग अँटीव्हायरस बंद करायला लावला आणि शेवटी ड्रायव्हरची (संगणकाला उपकरणाशी बोलता यावे म्हणून बसवलेल्या प्रोग्रामची) डिजिटल स्वाक्षरी तपासण्याची विंडोजची व्यवस्था बंद करून संगणक पुन्हा सुरू करायला सांगितले. “नाहीतर विंडोज आपला ड्रायव्हर घेत नाही, सर,” असे तो अगदी सहज म्हणाला. मी त्याच क्षणी थांबायला हवे होते, कारण मूळ कंपनीच्या ड्रायव्हरवर तिची स्वाक्षरी असतेच आणि तो बसवताना ही तपासणी बंद करण्याची काहीही गरज पडत नाही. त्याने तासभर काहीबाही केले, प्रोब सुरू झाला नाही, आणि संध्याकाळी बघतो असे सांगून त्याने फोन ठेवला. तो पुन्हा लागला नाही.

रात्री साडेनऊच्या सुमारास मी बिले करीत बसलो होतो. माउसला माझा हात लागलेला नसताना पडद्यावरचा बाण सरकला आणि आमच्या नियंत्रकाचा सोर्स कोड ठेवलेला फोल्डर उघडला. मी नेटची केबल उपटून काढली.

सकाळी शेजारच्या गाळ्यातील मित्राने प्रोब हातात घेतला आणि पाहताक्षणीच म्हणाला, “अहो, कंपनी या आकाराचा एसटी-लिंक बनवतच नाही.” स्वतंत्रपणे विकला जाणारा मूळ एसटी-लिंक व्ही२ हा प्लास्टिकच्या मोठ्या डबीत येतो आणि त्याला २० पिनांचा कनेक्टर असतो. माझ्याकडची डबी बाजारात नक्कल म्हणून उघडपणे दोन-तीनशे रुपयांना मिळते. आणखी एक खूण माझ्या डोळ्यांसमोर आठ दिवस होती: मूळ प्रोबची व्होल्टेजची पिन समोरच्या कार्डाचा विद्युतदाब फक्त मोजते, पण माझा प्रोब कार्डाला ३.३ व्होल्ट पुरवत होता आणि वेगळी पॉवर सप्लाय लावावी लागत नाही म्हणून मला ते सोयीचे वाटत होते. संगणकाने ‘एसटी-लिंक’ असे नाव दाखवणे हा अस्सलपणाचा पुरावा मुळीच नव्हे, कारण नकली प्रोब मूळ प्रोबचाच यूएसबी ओळखक्रमांक सांगतो आणि म्हणूनच मूळ ड्रायव्हर त्याच्याशी जुळतो.

ड्रायव्हर संगणकात बसतो, फर्मवेअर प्रोबच्या आतल्या चिपमध्ये असते, आणि या दोन्ही गोष्टी कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात: ड्रायव्हर एसटीएसडब्ल्यू-लिंक००९ या नावाने आणि फर्मवेअर बदलण्याचे साधन एसटीएसडब्ल्यू-लिंक००७ या नावाने. उतरवलेल्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचरच्या पानावर कंपनीचे नाव दिसते, तेवढे पाहून घ्यावे. ‘लायसन्स ॲक्टिव्हेशन’ असा प्रकार या प्रोबला नाही. हे ज्यांना ठाऊक नाही त्या विद्यार्थ्यांकडूनही असेच पैसे उकळले जात असतील, या विचाराने मला फार अस्वस्थ वाटते.

त्याच दिवशी मी दुसऱ्या संगणकावरून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदलले, सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि बाधित संगणकाची डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने बसवले. पैसे अजून परत मिळालेले नाहीत. दिंडोरीची कार्डे मित्राकडच्या, त्याच कंपनीच्या न्यूक्लिओ-६४ या प्रयोगासाठीच्या बोर्डामुळे चार दिवस उशिरा का होईना, गेली: त्या बोर्डावर मूळ एसटी-लिंक असतोच, सीएन२ असे छापलेल्या जागेवरचे दोन्ही जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) काढले की सीएन४ कनेक्टरवरून बाहेरच्या कार्डात प्रोग्राम भरता येतो. निळी डबी, पावती आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट मी तक्रारीसाठी एका पाकिटात ठेवले आहेत.