गोव्यातल्या घरात टांगायला काय: स्ट्रिंग ऑफ पर्ल्स की मिलियन हार्ट्स?

दोन्ही झाडं मी पाळलीत, त्यातलं एक अजून आहे आणि एक नाही, तेव्हा मी कुठे झुकणार ते तुम्हाला आत्ताच कळलं असेल. तरी दोन्ही बाजू सांगतो, कारण चौथ्या मजल्यावर भरपूर उजेडाचा फ्लॅट असणाऱ्याचा अनुभव वेगळा असू शकतो. आमचं घर फोंड्याजवळ, जुनं, चिऱ्याचं, मागे कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, तेव्हा ओल काय चीज असते ते वेगळं सांगायला नको.

पहिले पर्ल्स आणले, फोटो बघूनच. आणि खरं सांगतो, दिसण्यात तोड नाही. एकेक मोती, म्हणजे त्याचं गोल पान, नीट बघा, त्यावर एक बारीक पारदर्शक रेघ असते, तिच्यातून उजेड आत जातो. आमच्या एका खिडकीला अजून जुनी शिंपल्यांची तावदानं आहेत, तोच प्रकार, ऊन आत येतं पण गाळून, म्हणून हौसेने कुंडी त्याच खिडकीजवळच्या तुळईला टांगली. एका वर्षी फेब्रुवारीत पांढरी फुलंही आली, दालचिनीसारखा वास. मार्च ते मे काही त्रास नाही, दहा-बारा दिवसांनी एकदा पाणी आणि विसरून जा.

त्रास जूनपासून. हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातलं, तिथे ते झुडपांच्या आडोशाला जमिनीवर पसरतं, आणि आपल्याकडे शंभर-सव्वाशे इंच पाऊस. आता पावसाळ्यात पाणी घालू नये हे कुणीही सांगेल, मी घातलंच नाही, १ जूनपासून थेंबही नाही. मातीत जाड रेती, चिऱ्याची बारीक खडी, कुंडी मातीची, सगळं केलं. तरी हवेतच इतकं पाणी की कुंडी वाळायचं नावच घेत नाही.

पण झाड मेलं म्हणून मी वैतागलो नाही, झाडं मरतातच. वैताग हा की ते कळूच देत नाही. कुजतं कुठे, तर वर, कुंडीच्या तोंडाशी, जिथे देठ मातीवर टेकलेले असतात. आणि आपण बघतो खाली लोंबणाऱ्या माळा, त्या मोत्यांत स्वतःचंच पाणी भरलेलं, ते कितीतरी दिवस हिरवेगार राहतात. वर खेळ खलास आणि खाली सगळं टवटवीत! कुंडी डोक्याच्या वर, रोज कोण स्टूल घेऊन चढणार? चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी माटोळी (गणपतीवर टांगतात ती रानफळांची चौकट) बांधायला ती तुळई मोकळी करायची म्हणून कुंडी उतरवली, जरा हात लागला आणि सगळ्या माळा गजऱ्यासारख्या हातात आल्या. वर नुसता काळा चिखल. मुलगा म्हणाला बाबा हेच माटोळीला बांधूया, कांगलां-कवंडळां या रानफळांच्या मध्ये शोभेल. टोकं तोडून परत लावली, जगली, आणि पुढच्या चवथीला परत तेच. दोनदा झाल्यावर मी हात जोडले.

मिलियन हार्ट्स म्हणजे डिस्किडिया, आपल्या रुईच्याच कुळातलं, देठ मोडला की पांढरा चीक येतो. मूळ फिलिपिन्सचं, आणि मुख्य म्हणजे मातीत न वाढता झाडांवर वाढणारं, आपल्याकडे आंब्या-फणसावर सीतेची वेणी असते ना, तसं. म्हणजे पावसात भिजणं आणि वाऱ्याने सुकणं हे त्याच्या रक्तातच. मी म्हापशाजवळच्या एका नर्सरीतून चार बोटांएवढा तुकडा आणला आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे करून, दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, त्यात लावला. सोडणं आपल्याकडे फुकट, एवढी तरी चैन. बागेच्या मातीत मात्र लावू नका, हेही कुजेल, एवढं काही ते देवाचं नाही.

दिसायला? पर्ल्सएवढं नाही, प्रामाणिकपणे सांगतो. छोटी जाडसर बदामी पानं, जोडी-जोडीने. पहिले सहा महिने तर ते ढिम्म हललं नाही, बायको विचारायची की हे प्लास्टिकचं आहे का. पण जुलै आला, आणि पर्ल्स ज्या हवेत सडले त्याच हवेत याने पेरापेरातून मुळं सोडली आणि सुटलं. आता चौथा पाऊस, माळा खिडकीच्या कठड्याच्या खाली गेल्यात.

आणि हे वेळेत तक्रार करतं, मला यातलं सगळ्यात हे आवडलं. तहान लागली की पान पातळ होतं, सुरकुततं, येता-जाता खालचं एक पान चिमटीत धरलं की कळतं, स्टूल नको. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी लागतं, एसीच्या खोलीत जरा जास्तच. पिठ्या ढेकूण मात्र होतो, पानं एकावर एक असतात त्यात लपतो, कापसाला स्पिरिट लावून पुसत बसावं लागतं, ते किचकट काम आहे, नाही म्हणत नाही.

तुमच्याकडे खरंच कोरडी, उजेडाची जागा असेल आणि पावसाळ्याचे चार महिने आठवड्याला कुंडी खाली काढून वरून बघायची तयारी असेल तर पर्ल्स घ्या, मी कोण अडवणार. घरात मांजर असेल तर तिच्या तोंडाला लागणार नाहीत असे टांगा, मोती विषारी असतात. पण किनाऱ्याजवळ किंवा कुळागराच्या बाजूला राहत असाल तर माझं ऐका, निदान आधी डिस्किडिया आणा.

दुसऱ्यांदा माळा गळाल्या तेव्हा शाबूत राहिलेली दोन टोकं मी सोलापूरच्या आतेबहिणीला दिली होती, कागदात गुंडाळून, जगतील ही आशा न ठेवता. तिने ती पत्र्याच्या डब्यात खोचली, महिनाभर गावाला गेली तरी विसरली. परवा फोटो पाठवला, माळा डब्यातून जमिनीला टेकल्यात, आणि खाली लिहिलंय, दादा, याला काय घालू, फारच वाढतंय.