‘टाइप-सी म्हणजे टाइप-सी’ ऐकून ४,३०० रुपये घालवले

टॅब टीव्हीला जोडायच्या टाइप-सी अडॅप्टरचे २,४५०, एचडीएमआय केबलचे ६५० आणि ‘ड्रायव्हर ॲक्टिव्हेशन’ नावाच्या थापेचे १,२००. एकूण ४,३०० रुपये. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या आसपासचं एक दुकान. प्रकरण तक्रारीत आहे म्हणून नाव लिहीत नाही, नाहीतर पाटीचा फोटोच टाकला असता.

मी धनकवडीत घरी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. टॅबवर पेनने लिहायचं आणि पोरांना ते टीव्हीवर दिसायला हवं, एवढीच गरज. टॅब साधा, पंधरा हजारांच्या आतला. मी नुसतं ‘अडॅप्टर द्या’ म्हटलेलं नाही. टॅब काउंटरवर ठेवला, मॉडेल नंबर वाचून दाखवला आणि विचारलं, याचं चित्र टीव्हीवर येईल का? “काका, टाइप-सी म्हणजे टाइप-सी. काय पण लावा, चालतंय.”

मग दुकानदाराने अडॅप्टरला स्वतःचा फोन लावला. समोरच्या टीव्हीवर क्रिकेट झकास दिसायला लागलं. मी म्हटलं, आता माझा टॅब लावा. त्याने टॅब हातात घेतला, वर कोपऱ्यात पाहिलं. “अठरा टक्केच चार्जिंग आहे काका, एवढ्यावर एचडीएमआय उचलत नाही. घरी फुल करून लावा.”

इथे. याच वाक्याला थांबवायला हवं होतं त्याला. अडॅप्टरला बाजूला चार्जिंगचं भोक होतं हो! चार्जर तिथेच खुपसून दाखवता आलं असतं. पण मागे गिऱ्हाईकं खोळंबलेली, गाडी नो पार्किंगमध्ये, पाचची बॅच डोक्यावर आणि चालू चित्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. अशा वेळी कोण शंका घेतो? जो म्हणतो ‘मी घेतली असती’, त्याने शनिवारी संध्याकाळी त्या गल्लीत उभं राहून दाखवावं.

घरी पेनड्राइव्ह उघडला, माउस चालला, चार्जिंगही झालं. टीव्हीवर मात्र ‘नो सिग्नल’. गोम इथेच आहे. टाइप-सी हा नुसता भोकाचा आकार. त्यातून चित्र बाहेर यायला टॅबमध्येच ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’, म्हणजे त्या भोकातून चित्र पाठवायची सोय, असावा लागतो, आणि स्वस्त टॅबमध्ये तो बहुधा नसतो. बाकीची भोकं साध्या यूएसबीवर चालतात, म्हणून अडॅप्टर चांगला वाटतो आणि माणूस टीव्हीलाच दोष देत बसतो. महागड्या नावावरही जाऊ नका. सॅमसंगच्या एस मालिकेतल्या वरच्या टॅबमधून चित्र जातं, एस६ लाइटमधून जात नाही. २०२२च्या दहाव्या पिढीच्या आयपॅडमधून जातं. कंपनीच्या साइटवर मॉडेलपुढे व्हिडिओ आउटपुट लिहिलंय का बघा, मगच घराबाहेर पडा.

परत गेलो तर म्हणाला, केबल साधी आहे, ही ६५०ची घ्या, आणि टॅबला ड्रायव्हर लागेल, १,२००. त्याने एक ॲप टाकलं आणि दुकानातल्या टीव्हीवर माझा टॅब दिसला! घरीही दिसला, फक्त पेनच्या मागून अक्षर रांगत येत होतं. भाचीने गंमत म्हणून केबल उपसली. चित्र तसंच. ते वायफायवरून येत होतं, आणि ॲप प्ले स्टोअरवर फुकट मिळतं. (वायफायवर भागत असेल तर काहीच विकत घेऊ नका. वायरच हवी असेल तर डिस्प्लेलिंकवाला, म्हणजे ॲपच्या मदतीने चित्र पाठवणारा, अडॅप्टर विचारा. तो साध्या यूएसबीवरही चालू शकतो, पण तोही आपल्याच टॅबला लावून बघा.)

रागाच्या भरात खोका पाहिला. ३,९९९ एमआरपीचा स्टिकर जरा तिरका होता. नखाने उचकटला तर खाली बारीक अक्षरात छापलेलं: ऑल्ट मोड असलेल्या उपकरणांसाठीच. आता हा स्टिकर नेमका तिथेच कसा बसला, सांगा!

पुढची वरात वेगळीच. चौकीत हवालदार म्हणाले, “चार्जिंग होतंय ना? मग फसवणूक कुठंय? दुकानदाराशी बोलून मिटवा.” पैसे यूपीआयने दुकानाच्या नाही, कुणाच्या तरी खाजगी नावावर गेलेत, हे दाखवलं. तर म्हणे बँकेत जा. बँकेतली मॅडम स्क्रीनवरून मान न उचलता, “पिन तुम्हीच टाकलात ना सर?” मग ग्राहकांसाठी म्हणून थाटलेल्या एका कार्यालयात गेलो. तिथे, “पक्कं बिल आणा.” अहो, पक्कं बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेली आहे. हे मी त्यांना सांगायचं? साहेब जेवायला गेलेत, म्हणाले. साडेचार वाजले होते. कच्च्या चिठ्ठीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’चा शिक्का मारायला दुकानदाराला शाई मिळते, आणि माझ्या अर्जावर पोच द्यायला यांच्याकडे शिक्का नाही.

आता ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून तक्रार क्रमांक घ्या. दुकानदाराने निरोप धाडलाय, १,००० रुपयांची दुसरी वस्तू घेऊन जा म्हणून. घेणार नाही.

असलाच अडॅप्टर कुणी घेतला असेल तर खोका फेकू नका. एमआरपीचा स्टिकर उचकटून खालचा फोटो काढा आणि यूपीआयच्या पावतीवर पैसे कुणाच्या नावावर गेले ते बघा.