जुन्या पीसीत एमसाटा एसएसडी, मोलेक्स-साटा कन्व्हर्टरवर : ९ महिन्यांचा अनुभव

ताईचं कराडला झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, तिथला डेस्कटॉप म्हणजे एच६१ चा मदरबोर्ड, आय३ प्रोसेसर, आणि त्याच्याही आधीच्या मशीनमधून काढून बसवलेला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). गिऱ्हाईक फॉर्म भरायला आलं की विंडोज उघडेपर्यंत दोन-अडीच मिनिटं नुसतं उभं. माझ्या बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये १२८ जीबीचं एमसाटा कार्ड, म्हणजे लॅपटॉपमध्ये बसणारी छोटी एसएसडी, पडून होतं, ते जेमतेम ५ बाय ३ सेंटीमीटरचं असतं, म्हटलं हेच बसवून टाकू. एमसाटाचं २.५ इंची साटा (पीसीत ड्राइव्ह जोडायची नेहमीची पद्धत) करणारा एक छोटा बोर्ड घेतला, आणि एसएमपीएसला साटाची पॉवर पिन एकच, ती हार्ड डिस्कला गेलेली, म्हणून मोलेक्स-साटा कन्व्हर्टर घेतला, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मोठ्या मोलेक्स पिनेला साटाची पॉवर पिन काढून देणारी वायर. एका साटा पिनेच्या दोन करणारा स्प्लिटर मागितला होता पण दुकानात नव्हता, आणि मोलेक्सच्या दोन पिना तशाही रिकाम्या लोंबत होत्या.

बसवलं आणि डिटेक्टच होईना. केबल बदलली, पोर्ट बदलला, बायोसमध्ये ड्राइव्हचा मोड एएचसीआय केला, काही नाही. कार्ड गेलं असं धरूनच चाललो होतो, पण मित्राच्या पीसीला त्याच बोर्डसकट लावलं तर लगेच दिसलं! मग डोक्यात आलं ते असं, की एमसाटा कार्ड ३.३ व्होल्टवर चालतं. एसएमपीएसच्या खऱ्या साटा पिनेला पाच वायरी येतात, पिवळी १२ ची, लाल ५ ची, दोन काळ्या ग्राउंडच्या आणि एक केशरी, ती केशरी ३.३ ची. मोलेक्सला मुळात चारच वायरी, केशरी नाहीच, मग कन्व्हर्टरमधून ३.३ येणार कुठून. आणि माझा बोर्ड इतका साधा होता की त्या केशरीच्या पिना सरळ कार्डला जोडलेल्या. मित्राच्या एसएमपीएसला केशरी होती म्हणून तिथे चाललं.

दुसरा बोर्ड घेताना पाकीट उघडून बघितलं, त्यावर तीन पायांची एक छोटी काळी चिप होती, रेग्युलेटर, ५ व्होल्टचे ३.३ करणारा. हा लावला आणि पहिल्या झटक्यात डिटेक्ट. बोर्ड विकत घेणाऱ्याने एवढी एक चिप बघूनच घ्यावा, नुसती साधी २.५ इंची एसएसडी बसवणार असाल तर हा प्रश्नच नाही, ती ५ व्होल्टवर चालते.

स्पीडबद्दल थोडक्यात : पीसीच्या मदरबोर्डाचे पोर्ट जुन्या साटा २ चे, त्यामुळे सेकंदाला २६०-२७० एमबीच्या वर जात नाही, पण विंडोज २५ सेकंदांत उघडतं आणि ताईला तेवढंच हवं होतं.

खरा त्रास पाऊण महिन्याने सुरू झाला. मोठी पीडीएफ सेव्ह करताना मशीन अडकायचं, रीस्टार्ट केलं की ड्राइव्ह गायब, पूर्ण बंद करून चालू केलं की परत हजर. ताईचा फोन आला की एका पोरीचा स्कॉलरशिपचा फॉर्म अर्धा भरून गेला, मला फार वाईट वाटलं, रविवारी मल्टिमीटर घेऊन गेलो. एसएमपीएसच्या मोलेक्समध्ये लाल-काळीवर ५.०२, चांगलं आहे. कन्व्हर्टरच्या साटा टोकाला मागून प्रोब टेकवली आणि फाइल कॉपीला लावली तर ४.६९ आणि आकडा हलतोय. एटीएक्सचा, म्हणजे डेस्कटॉप एसएमपीएसच्या मानकाचा, नियम ५ टक्क्यांचा, म्हणजे ४.७५ च्या खाली जायला नको. एवढ्याशा वायरीत एक तृतीयांश व्होल्ट जातोय म्हणजे पिन धरत नाहीये. मोलेक्सची मादी पिन नीट बघितली तर फाकलेली, नर पिन आत गेली तरी चारी बाजूंनी टेकतच नव्हती.

तो कन्व्हर्टर मोल्डेड होता, म्हणजे साटाच्या टोकाला वायरींवर प्लास्टिक ओतून एक ठोकळा केलेला. हे मोल्डेड कन्व्हर्टर आत शॉर्ट होऊन जळतात असं ऐकून होतो, म्हणून घरी आणून कटरने उभा चिरला. पिवळ्या वायरीच्या तारांमधले तीन-चार केस बाहेर निघून शेजारच्या काळीकडे वळलेले, मध्ये अर्धा मिलिमीटरही प्लास्टिक नाही. गरम प्लास्टिक ओतताना वायरी सरकतात, आणि वापरून वापरून आतलं इन्सुलेशन गेलं की १२ व्होल्ट थेट ग्राउंडला. एसएमपीएस १२ वर बरेच अँपिअर सोडतो, एवढ्या बारीक शॉर्टला तो बंद पडेलच असं नाही, वायर मात्र पेटू शकते. कागदांनी भरलेल्या दुकानात!

मग दुसऱ्या प्रकारचा घेतला, ज्यात वायरी एकेक करून पात्यांवर दाबून बसवलेल्या असतात आणि मागचं झाकण निघतं, प्रत्येक वायर वेगळी दिसते. वीस-तीस रुपये जास्त पडले असतील. शिवाय पिवळी वायर मधेच कापून दोन्ही टोकांना हीट श्रिंक चढवली, कारण एसएसडीला १२ व्होल्ट लागतच नाहीत. फक्त ३.५ इंची हार्ड डिस्क यावर फिरणार नाही, तिच्या मोटरला १२ हवेतच, म्हणून वायरीवर 'फक्त एसएसडी' अशी चिकटपट्टी लावून ठेवलीय. आता लोडवर ४.९६ मिळतात.

एक गोष्ट उन्हाळ्यात कळली, तो रेग्युलेटर बराच तापतो. ५ चे ३.३ करताना उरलेले १.७ व्होल्ट तो उष्णतेतच घालवतो, अर्धा अँपिअर धरला तरी पाऊण वॉटच्या वर, आणि चिप नखाएवढी. मे महिन्यात बोट ठेवता येईना, म्हणून बोर्ड हार्ड डिस्कच्या खालून काढून पुढच्या फॅनसमोर झिप टायने बांधला, तेव्हापासून ठीक.

ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये अनसेफ शटडाऊनचा (नीट बंद न होता वीज तुटल्याचा) आकडा कन्व्हर्टर बदलला त्या दिवशी ४७ होता, काल बघितला तर ५१. त्यातले चारही वेळा लाइट गेली होती आणि यूपीएसची बॅटरी उतरलेली, हे ताईने वहीत लिहून ठेवलंय. बॅटरी या आठवड्यात बदलतोय.